शिफारशीचें गाणें

गाणें ऐकण्याचे दोन प्रकार आहेत. एक, सहज कानांवर पडलें म्हणून ऐकिलें. दुसरा, कोणी सांगितलें म्हणून ऐकिलें. किंचित् विचार केला तर असें दिसून येईल कीं, पहिल्या प्रकारांत मोडणारें गाणें फारच थोडें. देवळांतली काकडआरती, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, पोळ्याच्या दिवशीं वेशीवर म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, एवढें सोडलें तर बाकीचें बहुतेक गाणें आपल्यापर्यंत कोणाच्या तरी शिफारशीनेंच येऊन पोंचतें. पुण्याचे मामा येतात आणि अमक्या बुवांचा यमन ऐकाच म्हणून बजावतात; शेजारचे वकील कोणा बाईंच्या ठुमरीची तारीफ करतात; मग आपण ऐकतों, आणि मनांतल्या मनांत, कधीं उघडहि, त्या गाण्याची व त्या शिफारशीची किंमत ठरवितों. ही शिफारस कोण करी, कोणत्या अधिकारानें करी, आणि ऐकणारा ती केव्हां मानी व केव्हां झिडकारी, याचा इतिहास हा संगीताच्या इतिहासाचाच एक भाग होय. परंतु आमच्याकडे गवयांच्या वंशावळी जितक्या कसोशीनें लिहिल्या गेल्या तितका श्रोत्यांचा विचार कोणी केला नाहीं. प्रस्तुत लेखांत तो थोडासा करावयाचा आहे, आणि तोहि वऱ्हाडाच्या एका कोपऱ्यांत उभें राहून.

तो कोपरा म्हणजे बुलढाणा जिल्हा. हिंदुस्थानी संगीताच्या नकाशावर मुंबई, पुणें, मिरज, कोल्हापूर, इंदूर, ग्वाल्हेर हीं नांवें ठळक अक्षरांत आहेत. बुलढाण्याचें नांव शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. डोंगरावर वसलेल्या बुलढाणा शहरास आगगाडी नव्हती व आजहि नाहीं. मलकापूर, नांदुरें, शेगांव हीं मुंबई-नागपूर लोहमार्गावरचीं गांवें. खामगांवास जलंबहून १८७० सालीं फांटा निघाला तो कापसासाठीं. खामगांवच्या पेठेंत पैसा खेळत होता तोंवर नाटकमंडळ्या व गवई तेथवर येऊन जात. परंतु मेहकर, चिखली, लोणार, देऊळगांवराजा येथल्या सुशिक्षित माणसास एखाद्या नामांकित गवयाचें गाणें ऐकावयाचें झाल्यास बैलगाडी, मोटार आणि आगगाडी असा तिपेडी प्रवास करणें भाग होतें. तेवढ्यासाठीं कचेरीची रजा मिळणार नाहीं, आणि मिळाली तरी घरांत तिचें समर्थन करणें अवघड. अशा ठिकाणीं गाण्याची कीर्ति गाण्याच्या कितीतरी आधीं येऊन पोंचत असे.

नुसत्या कीर्तीवर गाणें किती काळ तगूं शकतें याचें आपल्याकडचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे भास्करबुवा बखले. १८६९ सालीं जन्मलेले व १९२२ सालीं निवर्तलेले हे गायक बालगंधर्वांचे गुरु. १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्या. तीन घराण्यांची तालीम पचवून त्यांनीं गायन सिद्ध केलें असें त्या काळचे सर्व जाणकार एकमुखानें सांगतात. पण त्यांची ध्वनिमुद्रिका नाहीं. ज्यांनीं त्यांना ऐकिलें त्यांच्यापैकीं आज कोणी हयात नाहीं. उरलें आहे तें केवळ शिफारसपत्र. ज्याची शिफारस करावयाची तो गृहस्थ दाराशीं कधींच येणार नाहीं. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. ध्वनिमुद्रणाचें यंत्र हिंदुस्थानांत यावयास तेव्हां एकाच वर्षाचा अवकाश होता! अल्लादियाखां तर १९४६ पर्यंत जगले, यंत्र त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धांत सर्वत्र झालेलें होतें, तरी त्यांनीं आपला आवाज तबकडीच्या स्वाधीन केला नाहीं. या तिघांविषयीं आपण मोठ्या आदरानें बोलतों. त्या आदरांत आपल्या कानाचा वांटा शून्य आहे, हें बोलतांना सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

यंत्र आलें तें कसें, हें पाहण्यासारखें आहे. १९०२ सालच्या अखेरीस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नांवाचा अमेरिकन तंत्रज्ञ कलकत्त्यास उतरला. त्याला आमचा राग ठाऊक नव्हता, ताल ठाऊक नव्हता, आणि कोणतीहि देशी भाषा येत नव्हती. कोणाचें गाणें घ्यावें हें त्यानें तेथल्या गोऱ्या रहिवाशांना विचारून पाहिलें. पण हे लोक वर्षानुवर्षें हिंदुस्थानांत राहूनहि शेजारच्या गल्लींतल्या गाण्याविषयीं पूर्ण अज्ञानी आहेत असें त्यास आढळून आलें, व तशी नोंद त्यानें आपल्या आठवणींत करून ठेविली आहे. तेव्हां नाटकगृहें व श्रीमंतांच्या मैफली दाखविणाऱ्या स्थानिक माणसांच्या सांगण्यावरच त्याला भिस्त ठेवावी लागली. अशा रीतीनें नोव्हेंबरांत गौहरजान त्याच्या कर्ण्यापुढें येऊन गायिली. गाणें संपतांच आपलें नांव ती इंग्रजींत मोठ्यानें सांगे, कारण या तबकड्या जर्मनींत हानोवर येथें दाबल्या जावयाच्या, आणि तेथल्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणतें नांव चिकटवावें हें दुसऱ्या कोणत्या उपायानें कळणार? म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या मुद्रित भांडाराची पहिली निवड एका परक्या कानानें, स्थानिक माणसांच्या शिफारशीवरून केली. हें ऐकून आमच्या एखाद्या अभिमानी मित्रास वाईट वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. गैसबर्गला घराण्याचा पक्षपात नव्हता, गंडाबंधनाची आडकाठी नव्हती, आणि गाणारी कोणत्या जातीची हा प्रश्न त्याच्या मनांत आला नाहीं. आवाज यंत्रांत स्वच्छ उमटतो कीं नाहीं एवढीच त्याची कसोटी. ती अपुरी खरी, पण आमच्या कांहीं कसोट्यांपेक्षां प्रामाणिक होती.

या तबकड्यांचा एक महत्त्वाचा घटक लाख, आणि ती बव्हंशीं आमच्याच रानांतून जात असे. झाडावरच्या किड्यानें केलेली लाख समुद्रापार जावी आणि आमच्याच बाईचा आवाज घेऊन परत यावी, असा तो व्यापार! १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला, पुढें तो डमडम येथें गेला, आणि मग मालाचा पुरवठा भरपूर झाला. दहा इंची तबकडी, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे, एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें. ज्या रागाची नुसती आलापी अर्धा तास चालावयाची तो तीन मिनिटांत बसवावयाचा, ही गवयांना प्रथम शिक्षाच वाटली असली पाहिजे. कित्येकांनीं ती धांवत-पळत पुरी केली, आणि त्यांच्या तबकड्या ऐकतांना गाडी चुकेल या भीतीनें जेवणाऱ्या पाहुण्याची आठवण होते. पण रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या कांहींनीं या अडचणींतून एक नवा बंध काढला: मुखडा, चार नेमक्या ताना, आणि समेवर थांबणें. चांगल्या लघुकथेस कादंबरीचा संक्षेप कोणी म्हणत नाहीं. त्याचप्रमाणें चांगली तीन मिनिटांची तबकडी ही मैफलीचा संक्षेप नव्हे.

आतां आमच्या जिल्ह्यांतल्या त्या काळच्या ग्राहकाकडे वळूं. त्याच्यापुढें कंपनीचें सूचीपत्र असे. त्यांत गाणाऱ्याचें नांव, चिजेचे आरंभींचे शब्द, राग व क्रमांक. कधीं शेजारीं फेटा बांधलेल्या गवयाचें चित्र. रागाचें नांवहि प्रत्येक वेळीं बरोबर असेलच असा भरंवसा नाहीं. एवढ्या भांडवलावर त्याला पूर्वीं कधीं न ऐकलेल्या गाण्यासाठीं पैसे मोजावयाचे होते. तबकडी व्ही. पी.नें मागविली तर ती सोडवून घेतल्यावांचून ऐकतां येत नसे, आणि टपालांत ती दुभंगून आली तर तीहि एक निराळीच करुण कथा. म्हणून शिफारशीची गरज. शिफारस करणारे साधारणतः तीन. पहिला दुकानदार. तो सायकली, शिवणयंत्रें, घड्याळें यांच्या जोडीला तबकड्या विकी, आणि आपल्या गिऱ्हाइकाची आवड वैद्याप्रमाणें ओळखून असे. दुसरा मुंबई-पुण्याचा नातलग. तिसरें वर्तमानपत्र किंवा मासिक. या तिघांत सर्वांत विश्वासू कोण असें विचारल्यास आम्ही नि:संकोच दुकानदाराचें नांव घेऊं. पुण्याच्या नातलगाची शिफारस चुकली तर त्याचें कांहींच जात नाहीं, उलट 'तुम्हां वऱ्हाडकरांना काय कळतें' असें म्हणावयास तो मोकळा. दुकानदाराचें मात्र गिऱ्हाईक जातें.

'तुम्हांला काय कळतें' हें वाक्य वरकरणीं थट्टेचें असलें तरी त्याच्या मुळाशीं एक खरा वाद आहे. तबकडी येण्यापूर्वीं पुणेंकर रसिकाजवळ मैफलीचा अनुभव होता, वऱ्हाडच्या माणसाजवळ तो नव्हता. तेव्हां त्याचें मत ऐकून घेणें एवढेंच याच्या हातीं होतें. तबकडीनें प्रथमच असें घडविलें कीं, सदाशिव पेठेंतले रावसाहेब आणि मेहकरचे वकील एकाच खांचेंतलें एकच गाणें ऐकूं लागले. एक श्रुति इकडे कमी नाहीं कीं तिकडे जास्त नाहीं. न्यायाधीश दोन, पण पुरावा एक. मग निकालाचा अधिकार एकाच शहराकडे कां असावा? हा प्रश्न कोणी त्या काळीं लिहून ठेविला नाहीं, पण घरोघरच्या माजघरांत तो अप्रत्यक्षपणें विचारला जात होता यांत शंका नाहीं.

माजघराचा उल्लेख आला म्हणून दुसरीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. गौहरजान, मलकाजान, जानकीबाई यांचें गाणें प्रत्यक्ष ऐकण्यास पांढरपेशा कुटुंबांतील पुरुष गेले असतील, परंतु बायका-मुलांस तो मज्जाव होता. तबकडीनें या गायिकांना कोणाची परवानगी न घेतां घरांत आणून बसविलें. अट एकच, त्यांनीं दिसावयाचें नाहीं. ज्या बाईस उंबरठ्यावर उभें केलें नसतें तिचा आवाज दिवेलागणीस देवघरापर्यंत जाऊं लागला, आणि घरांतल्या मुली तिच्या मुरक्या गुणगुणूं लागल्या. अशा वेळीं शिफारशीचें स्वरूप मोठें चमत्कारिक होई. 'गाणें उत्तम आहे, पण...' अशी तिची सुरुवात. हा 'पण' संगीताचा नसून समाजाचा असे. पुढें हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेनें तिकिटें लावून सभ्य सभागृहांत जलसे केले तेव्हां तो 'पण' हळूहळू गळला. हिराबाईंच्या त्या यशाला घरोघरच्या या अदृश्य पाहुण्यांनीं पायवाट करून ठेविली होती, असें आमचें मत आहे. तबकडीवरच्या त्या आधींच्या गायिकांना मात्र त्याचें श्रेय कोणी दिलें नाहीं.

शिफारशीस टीकेचें रूप देण्याचें काम पाश्चात्य देशांत १९२३ सालीं नेटानें सुरू झालें. कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारानें लंडनांत 'दि ग्रामोफोन' हें मासिक काढलें तें मुख्यतः नव्या तबकड्यांचें परीक्षण करण्यासाठीं. हा गृहस्थ संगीताचा पंडित नव्हता, हौशी श्रोता होता. आणि त्याच्या मासिकाची खरी शक्ति तीच होती. १९३१ सालीं तर वॉल्टर लेग यानें याहून धाडसी प्रयोग केला. ह्यूगो वोल्फ या ऑस्ट्रियन गीतकाराचीं गाणीं मुद्रित करण्यास कंपनी धजेना, तेव्हां त्यानें पांचशें वर्गणीदार मिळवून त्यांच्याकडून पैसे आगाऊ घेतले, आणि मग गाणीं मुद्रित झालीं. न ऐकलेल्या, नव्हे, न गायिलेल्या गाण्यासाठीं पैसे देणारे पांचशें लोक निघाले! आमच्याकडे असें कांहीं झालें नाहीं. आमच्याकडे टीकेचा जो पाया घातला गेला तो मात्र एका वऱ्हाडकरानें घातला, ही गोष्ट आमच्या भागांतहि फारशी कोणी बोलून दाखवीत नाहीं. केशवराव भोळे अमरावतीचे. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) बोलपटाचे संगीत-दिग्दर्शक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत, परंतु तत्पूर्वीं 'एकलव्य' या टोपणनांवानें त्यांनीं समकालीन गायकांवर जे लेख लिहिले त्यांनीं मराठींत संगीतावर कसें लिहावें याचा धडा घालून दिला. अमका 'गंधर्व', तमका 'सूर्य' अशा पदव्यांची खैरात करण्याऐवजीं आवाज कसा लागतो, शब्द कोठें तुटतो, लय कोठें ढिली पडते, हें त्यांनीं उघड सांगितलें. पुढें १९६१ सालीं वामनराव देशपांडे यांनीं 'घरंदाज गायकी'त घराण्यांची मांडणीच स्वर व लय यांच्या तराजूंत केली: किराणा स्वराच्या टोंकास, आग्रा लयीच्या टोंकास, आणि दोहोंचा तोल साधणारें जयपूर मध्यभागीं. ग्रंथ विचारप्रवर्तक आहे यांत वाद नाहीं. मात्र वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकरांचे, म्हणजे जयपूरचेच शिष्य होते, एवढें वाचकानें तराजूच्या कांट्याकडे पाहतांना ध्यानांत ठेवावें.

'एकलव्य' हें नांव तबकडीच्या संदर्भांत अधिकच अर्थपूर्ण वाटतें. द्रोणाचा मातीचा पुतळा पुढें ठेवून भिल्लाच्या पोरानें विद्या साधली. येथें पुतळा लाखेचा आणि बोलका होता. लहानगे कुमार गंधर्व नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गात, आणि त्या बळावर शिक्षण सुरू होण्यापूर्वींच त्यांचें नांव झालें. भीमसेन जोशी यांनीं लहानपणीं गदगच्या बाजारांत अब्दुल करीमखांची तबकडी ऐकिली आणि त्या आवाजाच्या ओढीनें पुढें घर सोडलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांना कोणी शिफारस केली नव्हती. दुकानदारानें गिऱ्हाईक जमावें म्हणून लाविलेली ती तबकडी. पण असे कान लाखांत एक. आपणां सामान्यांचें काय?

सामान्य श्रोत्याविषयीं एक अनुभव नमूद करावासा वाटतो. वर्गांत कांहीं वर्षें आम्ही एक खेळ करीत आलों आहों. विद्यार्थ्यांना एखादी जुनी, त्यांना सर्वस्वीं अपरिचित अशी ध्वनिमुद्रिका ऐकवावयाची, गाणाऱ्याचें नांव सांगावयाचें नाहीं, आणि दहांपैकीं गुण लिहून द्यावयास सांगावयाचें. अब्दुल करीमखांचा तो बारीक, किंचित् नाकांतून आल्यासारखा वाटणारा, अखंड तारेप्रमाणें ओढला जाणारा आवाज प्रथम ऐकतांना मुलें गालांतल्या गालांत हंसतात आणि गुण बेताचे पडतात. आठवड्यानें तीच तबकडी पुन्हां लाविली कीं हंसणें थांबतें. तिसऱ्या वेळीं कोणीतरी 'पुन्हां एकदां लावतां कां?' म्हणून विचारतो, आणि त्या वेळीं गुण मागण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. याच्या उलटहि घडतें. नांव आधीं सांगितलें तर पहिल्याच वेळीं नऊ-दहा गुण पडतात. पण ते गुण खांसाहेबांच्या कीर्तीचे, त्या तीन मिनिटांचे नव्हत.

नांव झांकून गुण देण्याचा हाच खेळ सरकारनें मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीचे मंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवर गाणाऱ्यांची कसून परीक्षा सुरू झाली. परीक्षकांस गाणारा दिसूं नये, नांव कळूं नये, नुसता आवाज ऐकूं यावा, अशी व्यवस्था. आणि त्यावरून 'बी', 'बी हाय', 'ए', 'टॉप' अशा श्रेणी. पिढ्यान् पिढ्या गात आलेल्या कलावंतांना ही अवहेलना वाटली व त्यांनीं निषेध केला. निषेध समजण्यासारखा आहे, तरी पडद्याची कल्पना आम्हांस मुळांत योग्यच वाटते. गैर काय असेल तर ती श्रेणी. एकदां 'बी' ठरलेला आवाज वर्षानुवर्षें 'बी'च राहिला, आणि खेड्यांतला श्रोताहि रेडिओ लावण्यापूर्वीं श्रेणी विचारूं लागला. याच केसकरांनीं आकाशवाणीवरचीं चित्रपटगीतें आटविलीं, तों इकडे त्याच वर्षाच्या अखेरीस सिलोनहून अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. तेथें परीक्षक पंडित नव्हते. श्रोत्यांचीं पत्रें व तबकड्यांचा खप यांवरून गाण्यांची पायदानें लागत. एका बाजूस नांव न कळतां दिलेली श्रेणी, दुसऱ्या बाजूस गर्दीनें दिलेला क्रमांक. आणि या दोहोंमध्यें बुलढाण्याचा श्रोता आपला रेडिओ कधीं नागपूरकडे, कधीं सिलोनकडे फिरवीत बसलेला.

परंतु आमच्या जिल्ह्यानें केवळ इतरांचीं गाणींच ऐकिलीं असें नाहीं. सूचीपत्र उलट्या दिशेनेंहि एकदां हललें, आणि तें मेहकरहून. ना. घ. देशपांडे हे मेहकरचे वकील व कवि. त्यांची 'शीळ' ही कविता नागपुरांत शिकणाऱ्या जी. एन. जोशी या तरुणाच्या हातीं पडली. त्यानें तिला चाल दिली, मित्रमंडळींत ती गाऊन दाखविली, आणि १९३२च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनें ती मुद्रित केली. पैनगंगेच्या काठच्या एका तालुक्याच्या गांवीं राहणारा, कोणत्याहि साहित्यवर्तुळांत न वावरणारा कवि; शास्त्री-पंडितांत नांव नसलेला गायक; आणि नाट्यपद नव्हे, अभंग नव्हे, ख्याल तर नव्हेच, असें एक गाणें. याची शिफारस कोणी करावी? पुण्याच्या वजनदार रसिकांपैकीं एकाचाहि पाठिंबा त्यास अगोदर नव्हता. तरी ती तबकडी घरोघर गेली, आणि मराठी भावगीताचा आरंभ बहुतेक लोक तेथूनच धरतात. बैठकीच्या अभिमान्यांनीं या प्रकारास 'ना धड कविता, ना धड गाणें' म्हणून नाक मुरडलें. त्यांचा आक्षेप अगदींच पोकळ होता असें नाहीं, भावगीतानें पुढें पुष्कळ गुळचटपणा माजविला. पण 'शीळ'ला तो दोष लावतां येत नाहीं. तिच्यांत रान आहे, अंतर आहे, आणि हांक मारणाऱ्यास न पाहतांच उठलेली हुरहुर आहे.

यांतली एक तारीख विशेष विचार करण्याजोगी आहे. नारायणरावांचा नव्हे, नागोराव घनश्याम देशपांड्यांचा (आद्याक्षरांमुळें हा घोंटाळा नेहमीं होतो) पहिला काव्यसंग्रह 'शीळ' याच नांवानें निघाला तो १९५४ सालीं. म्हणजे तबकडीनंतर वीसहून अधिक वर्षांनीं! या कवीस महाराष्ट्रानें प्रथम कानांनीं ओळखलें, डोळ्यांनीं नंतर. १९८६ सालीं 'खूणगांठी' या संग्रहास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें तेव्हां समीक्षकांची शिफारस पोंचली. श्रोत्यांची त्याआधीं अर्धशतक पोंचलेली होती. एवढें होऊनहि कवीनें मेहकर सोडलें नाहीं. २००० सालीं ते वारले.

आणि जोशी? ते १९३८च्या सुमारास त्याच कंपनींत अधिकारी म्हणून रुजू झाले व पुढें तीन दशकांहून अधिक काळ कोणाचें गाणें मुद्रित व्हावें हें ठरविणाऱ्यांपैकीं एक होऊन बसले. ज्याला स्वतःला कोणाची शिफारस नव्हती तो आतां शिफारस करणारा झाला. १९६७ सालीं शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा या तीन तरुण वादकांना एकत्र बसवून काश्मिरांतील एका धनगराचा दिवस संतूर, बांसरी व गिटार यांवर रंगविण्याची 'कॉल ऑफ दि व्हॅली' ही मोठी तबकडी निघाली ती जोश्यांच्या देखरेखीखालीं. त्या वेळीं संतूर हें रागसंगीताचें वाद्य आहे काय यावरच वाद चालू होता. हिंदुस्थानी संगीत पूर्वीं कधीं न ऐकलेल्या परदेशांतील कितीतरी लोकांच्या हातीं पहिली म्हणून हीच तबकडी पडली. मेहकरच्या रानांतल्या शिळेस ओळखणारा कान आणि काश्मिरांतल्या धनगराची बांसरी निवडणारा कान हा एकच होता, हा आम्हांस योगायोग वाटत नाहीं.

परक्यांच्या हातीं गेलेल्या तबकडीची याहून विलक्षण कथा केसरबाई केरकरांची आहे. अल्लादियाखांनीं आपला आवाज यंत्रास दिला नाहीं; त्यांच्या या शिष्येनें दिला, तोहि मोजकाच. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' हीं दोन यानें सूर्यमालेच्या बाहेर जाण्यासाठीं सोडलीं, तेव्हां कार्ल सेगन यांच्या समितीनें त्यांच्यासोबत पृथ्वीवरच्या संगीताची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठविण्याचें ठरविलें. समितीच्या सभासदांना आमच्या संगीताची माहिती बेताचीच. रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकानें त्यांना सांगितलें कीं, हिंदुस्थानचें एकच गाणें घ्यावयाचें असेल तर केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', घ्या. ती तबकडी बाजारांत मिळेना. शेवटीं न्यूयॉर्कमधील एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत, टेबलाखालीं पडलेल्या खोक्यांत तिच्या प्रती सांपडल्या. समितीनें ऐकिलें, आणि सत्तावीस संगीतखंडांत साडेतीन मिनिटांची ती भैरवी समाविष्ट झाली. ज्या श्रोत्यांसाठीं ही निवड केली ते आहेत कीं नाहींत हेंहि ठाऊक नसतांना केलेली ही शिफारस! दुसरें यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं उडालें. १६ सप्टेंबरास केसरबाई मुंबईंत वारल्या.

लाखेच्या तबकड्यांचें उत्पादन आपल्याकडे १९७०च्या आसपास थांबलें. त्या पुढें बोहाऱ्यांत, जुन्या बाजारांत, आणि आमच्या भागांतील वाड्यांच्या माळ्यांवर कापसाच्या जुन्या वह्यांखालीं जाऊन पडल्या. १९९० सालीं मुंबईंत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची एक संस्था निघाली, आणि तिच्या बैठकींत सभासद आपापल्या संग्रहांतील तबकड्या एकमेकांस ऐकवूं लागले. अशा बैठकींत कधीं एखादी फार जुनी तबकडी निघते. तिच्यावरचा कागद झिजून कोरा झालेला असतो. राग कोणता हें ऐकून सांगतां येतें, पण गातो कोण हें कोणास ठाऊक नसतें. सुई खरखरत जाते, ताना येतात आणि जातात, कोणी मान डोलावतो, कोणी कपाळास आंठी घालतो, शेजाऱ्याच्या कानांत मत सांगून मोकळाहि होतो. मग गाणें संपतें, क्षणभर नुसती घरघर ऐकूं येते, आणि हानोवरच्या कारागिरांसाठीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं उच्चारलेलें नांव सगळ्यांत शेवटीं ऐकूं येतें.